कोंबडी अंडी देईना? आधी या चुका तपासा

लेकीच्या हट्टापायी आठवडी बाजारातून एक तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी, आणली. नवं खुराडं, वाटीभर दाणा, सगळी बडदास्त. पण ती कोपऱ्यात मान आखडून बसायची. बाजारवाल्याने आजारी कोंबडी गळ्यात मारली, असं मी चार दिवस म्हणत होते. शेजारच्या काकींनी कुंपणावरून एकदा बघितलं. "अगो, एकटी आहे ती. जोड आण तिला."

हीच सगळ्यात मोठी चूक. कोंबडी कळपातच रमते. एकीने माती उकरली की दुसरी धावते, रात्री दांडीवर अंगाला अंग लावून बसतात. एकटी सतत दचकत राहते, धड खात नाही. तीन तरी ठेवा. दोघींतली एक गेली तर पुन्हा तोच प्रश्न. कोंबडा मात्र गरजेचा नाही. त्याच्यावाचूनही अंडी मिळतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पहाटे चारला शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्या नसतील तर नकोच.

जोड आणली आणि मी ती थेट खुराड्यात सोडली. दहा मिनिटांत जुनीने नवीचा तुरा रक्तबंबाळ केला. कोंबड्यांत मानपान चोचीने ठरतो. नवा पक्षी आधी तीनेक आठवडे लांब ठेवा, दाण्यापाण्याची भांडीसुद्धा वेगळी, कारण मानमोडीसारखे (राणीखेत) रोग असेच घरात शिरतात. लस दिली आहे का, हे घेतानाच विचारा. मग आठवडाभर मधे जाळी ठेवून ओळख होऊ द्या आणि अंधार पडल्यावर नवीला उचलून दांडीवर जुन्यांशेजारी बसवा. दाणा दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दांडगी कोंबडी दोन्हीकडे पहारा देऊ शकत नाही.

खाण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. "आमची कोंबडी घरचंच खाते," असं लोक कौतुकाने सांगतात. म्हणजे काय, तर कणी, कालचा भात, पोळीचे तुकडे. त्याने पोट भरतं, अंडं होत नाही. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. आधी कवच पातळ होतं, मग कातडीसारखं बिनकवचाचं अंडं पडतं आणि शेवटी ती पाय ओढत चालू लागते. अंड्यावरच्या कोंबडीला लेअरचं खाद्य द्या, दिवसाला 110 ते 120 ग्रॅम. ब्रॉयलरचं चालत नाही; ते मांस वाढवायला असतं, त्यात कॅल्शियम फार कमी. घरचं उरलंसुरलं चवीपुरतंच.

शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत हवा. आमच्याकडे कालवांची आणि तिसऱ्यांची टरफलं धुऊन, वाळवून पाट्यावर भरड कुटतात. संध्याकाळी तो वाटीत असलाच पाहिजे, कारण कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून, पार चुरून. अर्धी टरफलं तशीच टाकलीत तर कोंबडी स्वतःचीच अंडी फोडायला शिकते, आणि ती खोड मोडणं महाकठीण. पावसाळ्यात मका किंवा शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास आला तर सरळ फेकून द्या. ते विष यकृतावर जातं.

खुराड्याची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा. पावसात चहूबाजूंनी ताडपत्री आवळणं ही आणखी एक चूक. खाली बसून नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर आतली हवा कोंडली आहे. वरच्या बाजूला झुळूक खेळती ठेवा. अंड्यांचा खोका दांडीपेक्षा खाली हवा, नाहीतर त्या खोक्यातच झोपून घाण करतात. कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीतली राख ठेवा. त्यात लोळल्या की उवा-पिसवा आटोक्यात राहतात.

अंडी बंद झाली म्हणून लगेच औषध शोधू नका. पिसं झडण्याच्या काळात आणि हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होणारच. मात्र कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. तेव्हा वेळ न घालवता पशुवैद्य गाठा.

आणि खुडूक, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला खोक्यात ठाण मांडून बसलेल्या, कोंबडीला बादलीत बुडवणं बंद करा, उगाच हाल. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल अशी, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. सोडल्यावर तडक खोक्याकडे धावली, तर अजून दोन दिवस.