लहान मुलांना प्रार्थना कशी शिकवावी?

दिवेलागणीला सोलापुरात एकाच गल्लीत तीन-चार भाषांतून देवाचं नाव कानावर पडतं. पूर्व भागात तेलुगू, पेठांमध्ये कन्नड आणि मराठी, पलीकडच्या घरात दखनी. त्यामुळे पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. त्याचं उत्तर सोपं आहे. घरातली आजी ज्या भाषेत देवाशी बोलते, त्याच भाषेत मुलाची सुरुवात होऊ द्या. मूल मराठी शाळेत जातं म्हणून कन्नड बोलणाऱ्या आजीनं शुभंकरोति पाठ करायला बसायचं कारण नाही.

आधी आपण बसा

दोन-तीन वर्षांचं मूल सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त उचलतं. काडी ओढली, वात पेटली, आजीचे ओठ हलले, हे ते बघत असतं. आठवडाभर त्याला काहीच म्हणायला लावू नका, नुसतं शेजारी बसू द्या. टीव्ही मात्र बंद हवा. बाबा मोबाईल चाळताहेत आणि पोरगं हात जोडून बसलंय, हा प्रकार फार दिवस टिकत नाही.

वेळ ठरलेली असू द्या

हातपाय धुतले की दिवा, दिवा लागला की प्रार्थना. किंवा अंथरुणात पडल्यावर, झोपेच्या आधी. रोज त्याच क्रमानं तेच घडलं की मुलाला पुढं काय होणार हे कळतं, आणि त्यानंच त्याची निम्मी कुरकुर थांबते. देवघर नसेल तरी अडत नाही. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असेल तर तिथंच, तिच्या गुडघ्याला टेकून म्हटलं तरी चालतं. मे महिन्यात घरात बसवत नाही, तेव्हा गच्चीवर म्हणा. चार वर्षांच्या मुलाला दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली.

एक ओळ, सावकाश

पूर्ण स्तोत्र नको. शुभंकरोतिची पहिली ओळ, ‘ॐ नमः शिवाय’, जेवणाआधी ‘बिस्मिल्ला’ किंवा नुसतं ‘विठ्ठल विठ्ठल’, घरात जे असेल ते. ओळ लांबवून म्हणायला शिकवा. शब्द लांबवला की श्वास हळूहळू बाहेर पडतो, आणि श्वास सोडायला वेळ लागला की हृदयाचे ठोकेही थोडे संथ होतात. खेळून, भांडून आलेलं मूल शांत होतं त्यामागं हेही एक कारण आहे. अर्थ विचारला तर सांगा, न विचारता तास घेऊ नका.

मग त्याचं स्वतःचं वाक्य

खरी प्रार्थना इथून सुरू होते, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं. ओळ झाली की मुलाला विचारा: आज काय आवडलं? कशाचा राग आला? कुणासाठी काही मागायचंय? तीनही रोज विचारू नका, एखादंच पुरे.

उत्तरं कशीही येतील. ‘देवा, उद्या डब्यात शेंगाचटणी नको.’ ‘बाईंनी मला पुढं बसवू दे, आणि दादाला ताप येऊ दे.’ अशा वेळी ‘असं म्हणू नये, पाप लागतं’ हे वाक्य गिळून टाका. त्यापेक्षा विचारा, ‘दादानं काय केलं आज?’ मग कळतं की दादानं पतंग फाडला. तो राग शब्दांत आला, कुणीतरी ऐकला, आणि चिमटा काढायची गरज उरली नाही. आपल्याला राग आलाय की वाईट वाटतंय की भीती वाटतेय, हे ओळखून बोलता येणं मुलांना आपोआप जमत नाही. प्रार्थनेत त्याचा रोज थोडा थोडा सराव होतो. दादासाठी चांगलं मागायला त्याच दिवशी लावू नका. ते दोन दिवसांनी आपसूक येतं, कधी येतही नाही.

काय टाळावं

पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव बघू’ नको. शिक्षा म्हणून देवापुढं उभं करणं तर अजिबात नको. ‘देव बघतोय, कान कापेल’ ही धमकी एकदा दिली की मूल देवाशी मोकळं बोलणं सोडतं. मागितलेलं मिळालं नाही तर ‘तू मनापासून म्हटलं नाहीस’ असं कधीच म्हणू नका. आजोबा दवाखान्यात असतील तर खरं सांगा: डॉक्टर उपचार करताहेत, आपण आजोबांची आठवण काढतोय. आणि मूल कित्येक दिवस नीट झोपत नसेल, जेवत नसेल, सारखं घाबरत असेल तर प्रार्थनेवर भागवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोठ्यानं म्हणायची प्रार्थनाही दाखवा

सगळी भक्ती डोळे मिटूनच करायची नसते. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलाला खांद्यावर घेऊन नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक दाखवा. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, उंच सात नंदीध्वज, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर. सिद्धेश्वरांनी शहराभोवती स्थापलेल्या 68 शिवलिंगांची गोष्ट वाटेत सांगता येते. घरी लाजणारं पोरगं तिथं घसा फुटेस्तोवर ओरडतं. गर्दीत मात्र हात सोडू नका, आणि खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आठ-नऊ वर्षांचं झालं की बऱ्याच मुलांना एकदम कंटाळा येतो. ‘मी नाही म्हणणार’ म्हणालं तर एवढंच म्हणा, ‘बरं, बस मग इथं.’ आपली प्रार्थना आपण चालू ठेवायची.