डोंगरी स्नोमोबाईलसाठी पट्ट्याची लांबी कशी ठरवावी

पर्वतात चालवायची स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटरगाडी, घ्यायला गेले की इंजिनाच्या ताकदीइतकाच आणखी एक आकडा वारंवार कानावर पडतो: १४६, १५४, १६५, क्वचित १७५. यंत्राखाली फिरणाऱ्या अखंड रबरी पट्ट्याची, म्हणजे ट्रॅकची, ही इंचांतील लांबी असते. मिनेसोटा किंवा क्युबेकमधील दाबून सपाट केलेल्या वाटांवर १२० ते १३७ इंचांचा पट्टा पुरतो. पण कोलोरॅडो, वायोमिंग, युटा आणि ब्रिटिश कोलंबिया इथल्या डोंगरांत, जिथे आखलेली वाट संपल्यावरच खरा खेळ सुरू होतो आणि एकेका वादळात भुसभुशीत बर्फाचे थर साचतात, तिथे तेच यंत्र थोड्याच अंतरात रुतून बसते. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा कॅल्गरीत स्थिरावलेल्या ज्या मराठी मंडळींना या खेळाची ओढ वाटते, त्यांची पूर्वकल्पना बहुधा गुलमर्गच्या स्नोमोबाईल-फेरीवर बेतलेली असते. ती फेरी आनंदाची असली तरी बरीचशी रुळलेल्या बर्फावरची असते, आणि पट्टा निवडताना तिचा फारसा उपयोग होत नाही.

प्रथम या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पट्टा गोल फिरून स्वतःलाच मिळालेला असल्यामुळे त्याचा निम्म्याहून कमी भाग एका वेळी जमिनीला लागतो, आणि म्हणून लांबीत पडलेल्या फरकापैकी साधारण निम्माच फरक प्रत्यक्ष बर्फावर उतरतो. १५४ ऐवजी १६५ घेतला तर ११ इंच वाढतात, त्यांतले सुमारे साडेपाच इंच खाली टेकतात, आणि १५ इंच रुंदीच्या पट्ट्यात त्यातून जेमतेम ८० चौरस इंचांच्या आसपास जादा आधार मिळतो. हे क्षेत्रफळ एका ए-फोर कागदाहूनही कमी भरते. ऐकायला ते किरकोळ वाटेल, पण खोल बर्फात पुढे सरकणे आणि रुतणे यांतला फरक कित्येकदा एवढाच असतो.

याचे कारण रुतण्याच्या क्रियेत आहे. चढावर थ्रॉटल दाबला की पट्ट्याचे दाते बर्फाला मागे ढकलतात. बर्फाने तो रेटा सहन केला तर यंत्र पुढे जाते, आणि नाही केला तर पट्टा जागच्या जागी फिरून स्वतःखाली चर खणू लागतो. मागचा भाग त्या चरात खचतो, नाक वर उचलले जाते, सगळे वजन आणखी मागे सरकते, आणि चालकाने घाबरून थ्रॉटल अधिकच दाबला तर दोनशे किलोंच्या घरातले यंत्र सीटपर्यंत बर्फात जाते. लांब पट्ट्यात हाच रेटा अधिक दात्यांवर आणि अधिक बर्फावर वाटला जातो, त्यामुळे चर खणायला उशिरा सुरुवात होते. शिवाय मागचा भाग लांब असल्याने तीव्र चढावर नाक सहजी उचलले जात नाही, आणि यंत्र मागे उलटण्याचा धोका कमी होतो.

मग सर्वांत लांब पट्टाच का घेऊ नये? कारण वळताना त्या लांबीची किंमत मोजावी लागते. डोंगरात स्नोमोबाईल केवळ हँडल फिरवून वळत नाही. चालक एका पायावर भार देऊन ती कुशीवर झुकवतो आणि पट्ट्याच्या कडेवर वळवतो. पट्टा जितका लांब, तितका तो सरळ जाण्याचा हट्ट धरतो. देवदारासारख्या दाट सूचिपर्णी झाडीत, जिथे दोन खोडांमधली फट ऐन वेळी दिसते, तिथे १७५ इंचांचे यंत्र वळवताना खांदे आणि कंबर दुपारपर्यंत बोलू लागतात, तर १४६ इंचांचे यंत्र त्याच जागेत अर्ध्या श्रमात फिरते. लांब पट्ट्याचे वजन आणि घर्षणही जास्त असते, म्हणजे तो फिरवण्यात इंजिनाची ताकद खर्च होते.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न बर्फाचा असावा. युटा, वायोमिंग, कोलोरॅडो या समुद्रापासून दूरच्या भागांत जानेवारीतला बर्फ कोरडा आणि हलका असतो व भार फारसा पेलत नाही. तिथे लांबीचा फायदा उघड दिसतो. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतरांगेत समुद्राची आर्द्रता घेऊन पडणारा बर्फ जड आणि दमट असतो, त्यामुळे आखूड पट्टाही त्यावर बऱ्यापैकी तरून जातो. सर्वत्र मार्च-एप्रिलपर्यंत थर दबून घट्ट होतात, तेव्हा लांब पट्टेवाल्यांचे वर्चस्व ओसरते. आपल्या भागात वर्षातले बहुतेक दिवस कोणता बर्फ मिळतो याचा विचार करावा. मोसमातल्या एखाद्या अद्भुत दिवसासाठी यंत्र घेऊ नये.

दुसरा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे सोडवावा. आपले वजन म्हणजे न्हाणीघरातल्या काट्यावरचे वजन नव्हे. त्यात बूट, हेल्मेट, जाड कपडे, फावडे आणि पाणी यांनी भरलेली पाठपिशवी, आणि यंत्रावर बांधलेले जादा इंधन धरावे. माझ्या मते साठ-पासष्ट किलोंच्या, चपळ अंगाच्या चालकाला १४६ इंच अनेक ठिकाणी पुरतो, तर सामानासह शंभर किलोंच्या पुढे जाणाऱ्याने १६५ चा विचार संकोच न बाळगता करावा.

तिसरा प्रश्न इंजिन आणि उंची यांचा. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे साधन) नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर १००० फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते. वायोमिंगमधली टोगवोटी खिंड ९,६५८ फुटांवर आहे. तिथे १६५ अश्वशक्तीचे ८५० सीसी इंजिन १२० अश्वशक्तीच्याही खाली येते. अशा उंचीवर ६०० सीसीच्या इंजिनाला १६५ इंचांचा पट्टा जोडणे म्हणजे त्याच्या गळ्यात लोढणे बांधणे होय, कारण पट्टा पुरेशा वेगाने फिरलाच नाही तर लांबीचा उपयोग उरत नाही. स्की-डू आणि पोलारिस या ब्रँडची कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली यंत्रे उंचीवरही ताकद बरीचशी टिकवतात, आणि त्यांना १६५ सहज झेपतो.

या तिन्हींची उत्तरे संमिश्र आली, आणि बहुतेकांची तशीच येतात, तर १५४ किंवा १५५ इंच घ्यावा. स्की-डू १५४ म्हणते आणि पोलारिस १५५. त्या एका इंचावर वाद घालण्यात अर्थ नाही. फिनलंडमध्ये बनणारी लिंक्स मिलिमीटरमध्ये मोजते, तेव्हा तिथे ३९०० हा आकडा दिसला तर तो याच गटातला समजावा आणि ३७०० म्हणजे १४६ चा गट धरावा. नवशिक्याला विक्रेता कधी कधी १६५ सुचवतो, कारण तो कमी रुतेल. हे खरे असले तरी लांब पट्टा चालकाच्या चुका झाकतो आणि अंगात कौशल्य येण्याआधीच त्याला अशा चढावर नेऊन सोडतो, जिथून वळून खाली येणे त्याला जमत नाही. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि लांब पट्ट्याचे आकर्षण नेमके तिथेच घेऊन जाते. त्यामुळे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा संकेत पकडणारे यंत्र), बर्फात खुपसून पाहायची शोधकाठी, फावडे आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा, आणि अशा उतारावर एका वेळी एकानेच जावे. १७४-१७५ इंचांचा पट्टा मी फक्त धिप्पाड आणि अनुभवी चालकांना, आणि तोही ज्यांना झाडीपेक्षा उघडे, उंच चढच प्रिय आहेत त्यांनाच सुचवेन.

लांबीबरोबर दात्यांची उंचीही पाहावी. डोंगरी पट्ट्यांवर ती साधारणतः अडीच ते तीन इंच असते. तीन इंची दाते भुसभुशीत बर्फात उत्तम पकड देतात, पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत मैलोन्‌मैल टणक वाटेवरून जावे लागत असेल तर ते मुडपतात, तापतात आणि झिजतात. अशा वाटेवर पट्टा ज्यांवरून आतून घासत सरकतो त्या सरकपट्ट्या आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी बर्फ खरवडून वर उडवणारे आइस स्क्रॅचर खाली सोडावेत.

जुने यंत्र घेताना विक्रेत्याच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नये. आधीच्या मालकाने पट्टा बदललेला असू शकतो. बहुतेक पट्ट्यांवर माप रबरातच उठवलेले असते. ते झिजले असेल तर दात्यांच्या दोन लगतच्या ओळींमधले अंतर मोजावे, खडूने खूण करून पट्टा एकदा पूर्ण फिरवत ओळी मोजाव्यात आणि गुणाकार करावा. अंतर साडेतीन इंच आणि ओळी ४४ आल्या तर पट्टा १५४ इंचांचा आहे. त्याच फेरीत फाटलेले दाते, निखळलेल्या धातूच्या क्लिपा आणि आत मोडलेल्या आडव्या काड्या दिसतात. मोडलेल्या काडीपाशी पट्टा हाताने वाकवला तर तो सहज दुमडतो.

आत्ता आखूड घेऊ, नंतर लांब बसवू, असा बेतही सहसा करू नये. पट्टा लांबवायचा तर सस्पेन्शनचे खालचे लांब दांडे (रेल) बदलावे किंवा वाढवावे लागतात, पट्ट्याला वरून झाकणारा धातूचा सांगाडा (बोगदा) पुरेसा लांब नसल्यास तोही वाढवावा लागतो, आणि हा सगळा खर्च बहुधा योग्य लांबीचे यंत्र आधीच घेण्यापेक्षा महाग पडतो. भाड्याने यंत्रे देणारी दुकाने डोंगराळ गावांत असतात. शक्य असेल तर एकाच बर्फात, एकाच दिवशी दोन लांबींची यंत्रे चालवून पाहावीत, आणि त्यांतले एक तरी झाडीतून न्यावे.

यंत्र घरी आल्यावर नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत थोडा ताणला जातो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले वजन टांगून त्याचा झोळ मोजावा आणि ताण जुळवून घ्यावा. ताण बदलला की पट्टा डावीकडे-उजवीकडे सरकलेला नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.