एक्स्प्लोडेड व्ह्यूत सबअसेंब्ली सुटत नव्हती, असं जमलं
अंबडच्या एका वर्कशॉपसाठी छोट्या गिअरबॉक्सचं ड्रॉइंग करत होतो, फिटरला बघूनच कळावं कुठला पार्ट आधी बसतो म्हणून एक्स्प्लोडेड व्ह्यू (पार्ट सुटे करून दाखवणारं चित्र) हवा होता. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये शाफ्ट ओढला की बेअरिंग, की (शाफ्टच्या खाचेत बसणारी चावी), सर्कलिप (पार्ट जागेवर धरणारी रिंग) सगळं एकत्रच सरकायचं, मी तर वैतागून मेट (पार्ट एकमेकांशी जोडणारी बंधनं) सप्रेस, म्हणजे तात्पुरते बंद, करत बसलो, अजिबात गरज नव्हती हो, एक्स्प्लोड करताना मेट आडवे येतच नाहीत. शाफ्ट सबअसेंब्लीत, म्हणजे मोठ्या असेंब्लीतल्या छोट्या जोडणीत, होता, एक्स्प्लोडच्या पॅनलमध्ये 'सिलेक्ट सबअसेंब्ली पार्ट्स'वर टिक केली आणि सर्कलिप एकटी बाहेर आली, काय बरं वाटलं! मग शाफ्टच्या अक्षावरच, उघडायच्या क्रमाने स्टेप दिल्या. ड्रॉइंगमध्ये मात्र व्ह्यूच्या प्रॉपर्टीत एक्स्प्लोडेड स्टेट वेगळी ऑन करावी लागते.