पहिल्या दिवशी रोमकरांस पत्र उघडू नका

आमचा गट दर गुरुवारी रात्री भरतो. पाचवं वर्ष चालू आहे. सुरुवातीला आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या तिघांचे कॅमेरे बंद. काळ्या चौकोनांकडे बघत मी प्रार्थना केली, 'आमेन' म्हटलं, आणि पलीकडून कोणी म्हटलं की नाही तेही कळेना, कारण सगळ्यांनी माइक बंद ठेवलेले. एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स, विश्वासणाऱ्यांसाठी असा ऑनलाइन बायबल अभ्यास कसा सुरू करायचा, असं अधूनमधून कोणीतरी विचारतं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही नाही. बारा वर्षं संडे स्कूल शिकवलं. मग माझं एका बाईवर प्रेम आहे हे मंडळीत कळलं आणि हजेरीची वही माझ्याकडून परत मागितली गेली. म्हणजे भांडवल काय, तर गोष्ट सांगायची सवय आणि गप्प बसायची सवय. त्यातली दुसरी जास्त कामाला आली.

सगळ्यात आधी गटाची भूमिका एक-दोन वाक्यांत लिहून काढा. 'सर्वांचं स्वागत आहे' हे वाक्य पुरत नाही. ते वाचून माणूस येतो, सहा महिने जीव लावतो, आणि मग त्याला कळतं की स्वागत दारापर्यंतच होतं. ख्रिस्ती एलजीबीटी लोकांतही दोन मतं आहेत. समलिंगी नात्याला देवाचा आशीर्वाद असतो असं काही मानतात. काही जण स्वतःची ओळख लपवत नाहीत, पण ब्रह्मचर्य हीच आपली वाट समजतात. इंग्रजी वर्तुळात याला साइड ए आणि साइड बी म्हणतात. तुमचा गट कुठे उभा आहे हे पहिल्याच ओळीत सांगा. आमची ओळ अशी: 'इथे कोणाला बदलायचं नाही. स्वतःसाठी ब्रह्मचर्य निवडलेल्यांनी जरूर यावं, दुसऱ्याला ते सुचवू नये.' आणि समलिंगी माणसाला 'बरं करण्या'ची भाषा अजिबात नाही. ते काम करणारी सगळ्यात मोठी संस्था, एक्सोडस इंटरनॅशनल, १९७६ पासून चालली आणि २०१३ मध्ये तिच्याच अध्यक्षांनी माफी मागून ती बंद केली. नवीन कोणी तो विषय काढला तर मी एवढंच सांगते.

माणसं किती हवीत? सहा ते आठ. दहाच्या वर गेलात तर दोन गट करा, नाहीतर बोलणारे बोलत राहतात आणि बाकीचे हळूहळू यायचे थांबतात. कमी आले म्हणून खंतावू नका. समलिंगी पाळक ट्रॉय पेरी यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या घरात पहिली उपासना घेतली तेव्हा बारा जण आले होते. एलजीबीटी लोकांना सामावून घेणारं मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं ते तिथून.

आता सुरक्षितता. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात मोठी चूक मी इथेच केली. पहिल्या महिन्यात मी मीटिंगचं कॅलेंडर आमंत्रण पाठवलं आणि त्याला नाव दिलं 'एलजीबीटी बायबल अभ्यास'. एका सभासदाचं खातं घरातल्या सामाईक टॅबलेटवर चालू होतं. बैठकीच्या दहा मिनिटं आधी ती पट्टी टॅबलेटवर झळकली, आणि टॅबलेट त्याच्या भावाच्या हातात होता. पुढचं सांगायचा हक्क मला नाही. तेव्हापासून आमच्या गटाचं नाव 'गुरुवार'. आमंत्रणात, फोनमध्ये, मेलच्या विषयात, सगळीकडे फक्त 'गुरुवार'.

बाकीची खबरदारी भराभर सांगते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, म्हणून निरोपांसाठी ते नको. सिग्नल या अ‍ॅपवर २०२४ पासून यूजरनेम ठेवून नंबर लपवता येतो. झूमवर वेटिंग रूम चालू ठेवा, लिंक उघड्यावर टाकू नका, रेकॉर्डिंग बंद ठेवा. आत येताना टोपणनाव लावायला सांगा. ऑफिसच्या लॅपटॉपवरून येणाऱ्याचं पूर्ण नाव आपोआप झळकतं आणि त्याच्या लक्षातही येत नाही. इतकं करूनही कोणी दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढला तर आपण काही करू शकत नाही. हे सरळ सांगा, खोटी हमी देऊ नका. आणि 'कुठून बोलताय?' हा साधा वाटणारा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. जगात साठाहून जास्त देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे आणि समोरचा कुठे बसलाय ते आपल्याला माहीत नसतं.

नवीन माणसाशी गट चालवणाऱ्या आम्ही दोघी आधी पंधरा मिनिटं फक्त आवाजावर बोलतो. 'तुम्ही नक्की कोण?' असं विचारत नाही. दाखला मागणाऱ्या जागा त्याने पुष्कळ पाहिलेल्या असतात. बायबलमधला कुठला भाग आवडतो, कुठला उघडवत नाही, आणि बोलताना घरात कोणाला ऐकू जाईल का, एवढंच विचारतो. शेवटच्या प्रश्नातून आमची एक युक्ती निघाली. कोणाच्या खोलीत अचानक कोणी आलं तर त्याने चॅटमध्ये नुसतं २३ लिहायचं. की जो बोलत असेल त्याने लगेच तेविसावं स्तोत्र वाचायला घ्यायचं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ऐकून आजवर कोणत्याही आईला संशय आलेला नाही. दोनदा वापरावं लागलं. एकदा तर ते सहा वेळा वाचलं, कारण आई खोलीतच कपड्यांच्या घड्या घालत बसली.

आता आपल्या भाषेची एक अडचण. मराठीत स्वतःबद्दल साधं वाक्य बोललं तरी लिंग उघडं पडतं. 'मी आलो', 'मी आले', दुसरी सोय नाही. इंग्रजीत 'आय' म्हणून निभावून नेणारा ट्रान्स माणूस मराठीत पहिल्याच क्रियापदाला अडतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा, 'तुमच्याबद्दल बोलताना तो म्हणू, ती म्हणू, की आदरार्थी ते?' आणि कोणी आज 'आले' म्हणून उद्या 'आलो' म्हणालं तर दुरुस्त करू नका, टाळ्याही वाजवू नका. ऐका आणि पुढे चला. 'बंधू आणि भगिनींनो' ही जिभेवर बसलेली हाकही आम्ही सोडली. 'मंडळी' म्हणतो. शब्द आपल्याच चर्चमधला आहे आणि त्यात सगळे मावतात.

आता अभ्यास. बहुतेक जण पहिल्याच बैठकीत लेवीय १८ नाहीतर रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय काढतात, म्हणजे समलिंगी संबंधांना पाप ठरवायला वापरली जाणारी वचनं. समजू शकते, वर्षानुवर्षं तेच तोंडावर मारलेलं असतं. पण तिथून सुरुवात केली की गटाचं कोर्ट होतं. प्रत्येक जण आपली बाजू मांडायला बसतो आणि बायबल वाचायचं राहून जातं. निदान दोन महिने त्या वचनांना हात लावू नका.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८, वचन २६ ते ४० घ्या. कूशी राणीचा अधिकारी रथात बसून मोठ्याने वाचतोय आणि सुवार्ता सांगणारा फिलिप्प रथाबरोबर धावतोय. आपल्या भाषांतरात त्या अधिकाऱ्यासाठी शब्द आहे 'षंढ'. आमच्या बैठकीत वाचायची पाळी जिची आली, तिने हा शब्द शिवी म्हणून रस्त्यावर कितीतरी वेळा ऐकलेला. हे आधी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ती त्या शब्दाशी थांबली. मी 'पुढे मी वाचू का?' म्हणणार, तेवढ्यात तिने तो स्पष्ट उच्चारला आणि शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "हा राणीचा खजिनदार होता. सगळा खजिना याच्या हातात. हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही."

तुम्ही चालक असाल तर इथे व्याख्यान देऊ नका, तीन गोष्टी फक्त पुढ्यात ठेवा. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या २३:१ प्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, तरी हा यरुशलेमेला उपासनेला जाऊन आलाय. तिथे त्याला कुठपर्यंत जाऊ दिलं असेल? दुसरी, तो वाचतोय यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५३वा अध्याय. गुंडाळी आणखी थोडी उलगडली असती तर ५६ आला असता, जिथे परमेश्वर षंढांना मुला-मुलींहून चांगलं नाव द्यायचं वचन देतो आणि 'मी शुष्क वृक्ष आहे' असं म्हणू नकोस म्हणतो. तिसरी, त्याचा प्रश्न: बाप्तिस्मा घ्यायला मला काय आडकाठी आहे? याचं उत्तर ३७व्या वचनात आहे, पण ते वचन जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून अनेक भाषांतरांत ते कंसात किंवा तळटीपेत असतं. ते बाजूला ठेवून वाचलं तर फिलिप्प काही बोलतच नाही. रथ थांबतो आणि दोघं पाण्यात उतरतात. एवढं ठेवलं की दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरी चालेल. शांततेला घाबरून मध्येच तोंड उघडणारा चालक गटाचं नुकसान करतो. मी वर्षभर केलं.

पुढे याकोबाची देवाशी झोंबी घ्या, तो लंगडत आणि नवं नाव घेऊन निघतो. रूथचं पुस्तक घ्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घ्या, जे अंधारात संपतं आणि शेवटी कोणाचं सांत्वन करत नाही. ज्यांना कोणीतरी सारखं 'हस' म्हणत आलंय त्यांना हे स्तोत्र फार जवळचं वाटतं.

अवघड वचनं पुढे कधीतरी घ्यायचीच, पण आठवडाभर आधी कळवून, म्हणजे नको असेल त्याला त्या दिवशी सुट्टी घेता येईल. तयारी करून बसा. करिंथकरांस पहिले पत्र ६:९ मध्ये 'मलाकोई' आणि 'आर्सेनोकोइताई' असे दोन ग्रीक शब्द आहेत. पहिल्याचा मूळ अर्थ 'मऊ'. मत्तय ११:८ मधल्या तलम वस्त्रांसाठी हाच शब्द येतो. दुसरा इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक आजही भांडतात. इंग्रजी बायबलमध्ये 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा आला १९४६ मध्ये. ज्या शहराचं नाव समलिंगींवर फेकलं जातं त्या सदोमचं पाप काय होतं हे यहेज्केल १६:४९ स्वतः सांगतो: गर्व, भरलेलं पोट, आणि गरिबाला हात न देणं. रोमकरांसचा पहिला अध्याय काढलात तर दुसऱ्याच्या पहिल्या वचनापाशी तरी पोहोचा, जिथे पत्र लिहिणारा पौल दोष लावणाऱ्याकडेच वळतो. यातून सगळ्यांचं समाधान होईलच असं नाही. काहींना ही वचनं तरीही बोचतात. बोचू द्या, पटवत बसू नका.

प्रार्थनेच्या वेळी एकदा एका पाहुण्याने 'देवा, यांना या बंधनातून सोडव' सुरू केलं. मी माइक उघडला आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागले. बाकीचे मागोमाग आले, त्याचा आवाज त्यात बुडाला. वाद न घालता थांबवायचा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. त्याला दुसऱ्या दिवशी वेगळा फोन केला, आणि मग तो आला नाही.

आणि कोणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं तर बायबल मिटा. दोघींपैकी एकीने त्याच्याशी वेगळं बोलायचं, दुसरीने गट सांभाळायचा. तुला जीव द्यावासा वाटतोय का, असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. आपण समुपदेशक नाही. माणूस ज्या देशात आहे तिथली हेल्पलाइन आणि त्याच्याजवळचं विश्वासाचं एक माणूस शोधून देईपर्यंत फोन ठेवू नका. सभासदांनी आपापल्या भागातला हेल्पलाइन क्रमांक आधीच फोनमध्ये ठेवलेला असावा. त्यासाठी कोण कुठे राहतं हे आपल्याला कळायची गरज नाही.

वर्गणी वगैरे गोळा करू नका. पैसे आले की नावं येतात.

राहता राहिलं घड्याळ. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत संपते. तेवढा वेळ पुरतो: पाच मिनिटं शांतता, दहा वाचन, वीस बोलणं, पाच प्रार्थना. पहिल्या वर्षी मी घड्याळाकडे लक्ष देत नसे. एकदा सहा महिने गप्प बसलेल्या एका सभासदाने पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलायला घेतलं. "मी लहान होते तेव्हा चर्चमध्ये..." आणि स्क्रीन गेला. लिंक पुन्हा पाठवली, सगळे परत आले, तो चौकोन आला नाही. आठवडाभर मी निरोप टाकला नाही, कारण मागे लागायचं नाही असं आमचं ठरलेलं. पुढच्या गुरुवारी ठरल्या वेळेला चौकोन आला, माइक उघडला.

"तर मी सांगत होतो," तो म्हणाला, आणि जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झाला.

आता पस्तिसावं मिनिट झालं की मी चॅटमध्ये लिहिते: पाच मिनिटं.