डेडलिफ्ट अडलीय? पाठीला दोष देण्याआधी या चुका टाळा

सहा-आठ महिने नेमाने जिम करणाऱ्याची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहण्याचा व्यायाम) एखाद्या आकड्यावर येऊन थांबते आणि तो निदान करून मोकळा होतो: पाठ कमी पडतेय. मग पाठीचे दोन व्यायाम वाढतात, प्रोटीनचा डबा बदलतो, कमरेला पट्टा येतो. आकडा काही हलत नाही. माझ्याकडे असं कोणी आलं की मी आधी व्यायामाची वही मागतो. बऱ्याच जणांकडे ती नसतेच. ज्यांच्याकडे असते त्यांच्या वहीत एवढंच सापडतं: "डेडलिफ्ट १२०, ५ रेप." म्हणजे १२० किलो, सलग पाच वेळा. या ओळीवरून पाठ थकली, पाय थकले की मूठ सुटली, हे कसं कळावं? अशा तक्रारीमागे फार वेळा मूठ असते आणि नोंद अर्धवट असल्यामुळे ती महिनोन्‌महिने लपून राहते.

नुसता आकडा लिहू नका

तीच ओळ अशी लिहिता येते: "डेडलिफ्ट. २० किलोचा बार, मोठ्या प्लेट. १२० × ५, ओव्हरहँड, चॉक लावून, स्ट्रॅप नाही. चौथ्या रेपला उजवी करंगळी उघडली, पाचवी रेप बोटांच्या टोकावर. पायात अजून दोन रेप होत्या. आधी ४ मिनिटं आराम." ओव्हरहँड म्हणजे दोन्ही तळवे अंगाकडे, चॉक म्हणजे हाताला लावायची पांढरी भुकटी, स्ट्रॅप म्हणजे मनगटातून बारला गुंडाळायचा पट्टा. लिहायला अर्धा मिनिट लागतो. पण पुढच्या आठवड्यात काय करायचं, ते या ओळीतच आहे. पाय-पाठीत दोन रेप शिल्लक आणि करंगळी मात्र उघडली, म्हणजे अडलंय कुठे ते दिसलं.

शिल्लक रेपचा अंदाज लिहायला सुरुवातीला जड जातं. पहिले काही आठवडे तो चुकतोही. तरी लिहा. १०० किलोच्या पाच रेप "तीन शिल्लक" वरून "एक शिल्लक" वर आल्या तर वजन तेच असूनही काहीतरी बिघडतंय: झोप, जेवण किंवा सलग जास्त झालेला व्यायाम. उलट तेच वजन, त्याच रेप आणि शिल्लक वाढली, तर तुम्ही ताकदवान झालात. ही वाढ नुसत्या आकड्यात दिसत नाही आणि माणूस उगाच निराश होतो.

रॉड, प्लेट आणि फसवे किलो

आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये एकाच स्टँडवर तीन-चार प्रकारचे रॉड असतात. वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा, महिलांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा. जिममधला रॉड मात्र दिसायला तसाच असूनही आठ-दहा किलोचा निघू शकतो. सोमवारी एक रॉड, गुरुवारी दुसरा आणि वहीत दोन्ही दिवशी "रॉड, प्लस पन्नास-पन्नास". मग दहा किलोची वाढ खरी की रॉडची, याचा पत्ता लागत नाही. वजनकाट्यावर रॉड धरून उभे राहा, मग रॉडशिवाय उभे राहा आणि वजाबाकी करा. जमलं तर प्लेटही तोलून घ्या. छापलेला आकडा आणि खरं वजन यांत फरक निघतो.

प्लेटच्या आकाराकडे तर कोणीच बघत नाही. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे जमिनीवर ठेवलेला बार साधारण साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर असतो. तेच वजन दहा-दहाच्या लहान प्लेटनी भरलं की बार बराच खाली जातो. तितकं जास्त वाकावं लागतं आणि अंतरही वाढतं. दोन जिममधल्या १०० किलोची तुलना करून खचून जाण्याआधी हे तपासा. लहान प्लेटच असतील तर दोन्ही बाजूंना खाली सारख्या जाडीच्या रबरी मॅट किंवा आडव्या प्लेट ठेवून उंची मिळवा आणि दर वेळी तीच ठेवा.

उडी फार मोठी घेऊ नका

ज्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, तिथं प्रत्येक वाढ पाच किलोची. १५० किलोच्या डेडलिफ्टला ते चालतं. ४० किलोचा ओव्हरहेड प्रेस (बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) मारणाऱ्याला पाच किलो म्हणजे साडेबारा टक्के, आणि तो अडणारच. अशा वेळी आधी रेप वाढवा: तिन्ही सेटमध्ये (सेट म्हणजे सलग मारलेल्या रेपची एक फेरी) पाचच्या आठ झाल्या की मग वजन वाढवून पुन्हा पाचवर या. किंवा सव्वा किलोची जोडी स्वतःच्या बॅगेत ठेवा. एक किलोने काय होतं, हे कोणाला विचारायचं तर सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याला विचारावं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या दोन प्रकारांत ११३ आणि १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. सुवर्ण २४९ वर गेलं.

रेप आणि वजन दोन्ही बदललं की तुलना अवघड होते. त्यासाठी एपली यांचं जुनं सूत्र पुरेसं आहे: रेपला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा. एका रेपची अंदाजे कमाल मिळते. १०० किलोच्या ८ रेप म्हणजे सुमारे १२७, आणि ११० च्या ५ म्हणजे सुमारे १२८. वहीत दहा किलोची झेप दिसते, प्रत्यक्षात वाढ नाममात्र आहे. दहाच्या वरच्या रेपना हे सूत्र लावू नका, अंदाज भरकटतो. आणि स्ट्रॅप लावून केलेल्या सेटचा हिशेब वेगळा ठेवा.

आरामाची वेळ आणि व्यायामाचा क्रमही लिहा. पुल-अप आणि रो (बार पोटाकडे ओढणं) करून झाल्यावर मारलेली डेडलिफ्ट ही थकलेल्या मुठीची डेडलिफ्ट असते.

पाठ की मूठ? एका दिवसात कळतं

नेहमीचा वॉर्मअप करा. ज्या वजनावर अडता ते ओव्हरहँड पकडीने, चॉक लावून, स्ट्रॅपशिवाय उचला आणि किती रेप झाल्या ते लिहा. पाच-सहा मिनिटं पूर्ण आराम घ्या. आता तेच वजन स्ट्रॅप लावून. कंबर गोल व्हायला लागली की थांबा, जास्त रेपच्या मोहात पडू नका.

स्ट्रॅप लावून दोन-तीन रेप सहज जास्त झाल्या तर अडचण मुठीची. जेमतेम तेवढ्याच झाल्या तर मूठ निर्दोष आहे. पाय, पाठ, झोप किंवा तंत्र बघा आणि पुढचा भाग निवांत वाचा. ही चाचणी महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करा आणि दोन आकड्यांतला फरक वहीत शेवटच्या पानावर लिहीत जा. फरक असणं गैर नाही, पण तो वाढत चालला असेल तर मुठीकडे दुर्लक्ष होतंय.

बार तळहाताच्या मध्यावर धरू नका

ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. माणूस बार तळहाताच्या मधोमध ठेवतो आणि मग घट्ट आवळतो. पकड भरभक्कम वाटते. पण वजन जमिनीवरून सुटलं की बार खाली ओढला जातो आणि तळहातावरून घरंगळत बोटांच्या मुळाशी येतो. वाटेत कातडीची घडी चिमटली जाते, तिथंच घट्टे उठतात आणि तिथंच फाटतात. शिवाय आवळलेली मूठ एकदा उघडून पुन्हा आवळावी लागते, हातात सवाशे किलो असताना.

बार आधीच बोटांच्या मुळाशी ठेवा, जिथं बोट तळहाताला मिळतं त्या रेषेवर. बोटं गुंडाळा, अंगठा त्यांच्यावरून आणा. सगळं लक्ष करंगळी आणि अनामिकेकडे द्या, कारण पकड सुटते ती बहुधा त्या बाजूने. बार उचलण्याआधी मूठ पूर्ण आवळलेली हवी. वजन हवेत गेल्यावर आवळायला जाल तर उशीर झालेला असतो. घट्टे आंघोळीनंतर प्युमिस स्टोनने सपाट ठेवा. ते काढायचे नाहीत, फक्त उंचवटा राहू द्यायचा नाही.

घाम, पावडर आणि हातमोजे

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजीकडच्या दमट हवेत अर्धी पकड घामातच जाते. जुलैत डेडलिफ्ट घसरली म्हणून कार्यक्रम बदलणाऱ्यांनी आधी हात कोरडे करावेत. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ते घाम शोषतं. जिमवाले भुकटीला नाही म्हणत असतील तर लिक्विड चॉक घ्या, त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि हातावर पातळ थर राहतो. टाल्कम पावडर हाताला चुकूनही लावू नका. पॉवरलिफ्टर, म्हणजे डेडलिफ्टच्या स्पर्धेत उतरणारे, ती मांडीला लावतात, बार मांडीवरून घसरावा म्हणून. हातालाही ती तेच करणार.

हातमोज्यांनी घट्टे कमी होतात, पण बार जाड होतो आणि जाड बार धरणं अवघड. जड डेडलिफ्टला काढून ठेवा. बायकांना आणि लहान हातांच्या मुलांना हे जास्त जाणवतं. मीराबाई चानू २५ मिलिमीटरचा बार धरून खेळते. आपल्या जिममधल्या मुलींच्या वाट्याला बहुधा जाड, गुळगुळीत झालेला रॉड येतो. त्यांची मूठ कमजोर आहे असं म्हणण्याआधी रॉड बदलून बघा.

स्ट्रॅपचं दोन्हीकडून चुकतं

काही जण ६० किलोच्या वॉर्मअपपासूनच स्ट्रॅप गुंडाळतात. मुठीला कामच मिळत नाही, मग ती वाढणार कशी? दुसरीकडे काही जण स्ट्रॅप म्हणजे लबाडी समजतात आणि मूठ सुटते म्हणून पाठीला कधीच पुरेसं वजन देत नाहीत. माझा नियम सरळ आहे: मूठ टिकते तिथपर्यंत सगळे सेट मोकळ्या हाताने, त्यापुढचे एक-दोन जड सेट स्ट्रॅपने. ब्रिटिश स्ट्राँगमन एडी हॉलने २०१६ मध्ये ५०० किलोची डेडलिफ्ट स्ट्रॅप लावूनच मारली. स्ट्राँगमनच्या खेळात त्याला परवानगी असते. पॉवरलिफ्टिंगमध्ये नसते. स्पर्धेत उतरायचं असेल तर शेवटचे दोन महिने स्ट्रॅप घरीच ठेवा.

मिक्स ग्रिपमध्ये, म्हणजे एक तळवा पुढे आणि एक मागे, बार घरंगळत नाही म्हणून वजन लगेच वाढतं. धोका पुढे तळवा असलेल्या हाताला. तो कोपर जरा जरी वाकवून ओढला तर दंडाच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) फाटू शकते. दोन्ही हात दोरीसारखे सरळ ठेवा आणि बाजू आलटून पालटून घ्या. हुक ग्रिपमध्ये अंगठा बोटांच्या आत दाबला जातो. वेटलिफ्टर हीच पकड वापरतात. अंगठा दुखतो, काही आठवडे दुखत राहतो, म्हणून हलक्या वजनापासून सुरू करा आणि अंगठ्याला टेप लावा.

नुसता ग्रिपर दाबून डेडलिफ्ट वाढत नाही

ऑफिसात बसून स्प्रिंगचा ग्रिपर शंभरदा दाबला की हात भरून येतो, पण ती चिरडायची ताकद. डेडलिफ्टला हवी धरून ठेवायची ताकद, आणि ती धरूनच येते. डेडलिफ्टच्या शेवटच्या सेटची शेवटची रेप वरच १० सेकंद धरून ठेवा. आठवड्यात दोनदा, व्यायाम संपताना, बारला लोंबकळा. एका वेळी ४५ सेकंद जमले की बारवर टॉवेल टाकून टॉवेलला लोंबकळा. दोन्ही हातांत जड डंबेल लोंबते धरून चाला. दोन गुळगुळीत प्लेट पाठीला पाठ लावून चिमटीत धरा, अंगठ्यासाठी. एवढं पुरे. तालमीत फावड्याने हौदा खणणारी, दोरी चढणारी आणि गदा फिरवणारी पोरं वेगळं ग्रिप ट्रेनिंग करत नाहीत. त्यांची मूठ रोजच्या कामातच तयार होते.

याचीही नोंद ठेवा, सेकंदांत. समजा ८० किलोचा बार ओव्हरहँड, चॉक लावून १५ सेकंद धरता आला. ३० सेकंद होईपर्यंत वजन तेच ठेवा, मग ८५. हे सगळं डेडलिफ्टच्या नंतर करायचं, आधी कधीच नाही.

कोपर बोलायला लागला की

बोटं मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंत असतात. बोटांत येतात त्या कंडरा. स्नायू लवकर वाढतात, कंडरा सावकाश. म्हणून रोज लोंबकळणाऱ्याचा कोपर महिन्याभरात आतल्या बाजूने दुखू लागतो. दाबलं की ठणकतं, चहाचा कप उचलताना टोचतं. तेव्हा लोंबकळणं आणि चिमटी थांबवा, डेडलिफ्ट स्ट्रॅप लावून हलकी करा आणि जाड रबर बँड पाचही बोटांभोवती घालून बोटं बाहेर उघडण्याचे दोन-तीन सेट रोज करा. मिटणाऱ्या स्नायूंना जोड लागते ती उघडणाऱ्यांची. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. करंगळी-अनामिकेत किंवा अंगठ्याकडच्या बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर वाट बघू नका. तिथं नस दाबली जात असण्याची शक्यता असते, तेव्हा सरळ अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना वही सोबत न्या: कधीपासून काय वाढवलं, हे त्यांना पहिल्यांदा विचारायचं असतं.