स्वस्तातल्या जेटवर रोजचा हवाई पहारा कसा बसवायचा

रोजच्या हवाई पहाऱ्याला एफ-35 सारखं महागडं स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणारं, फायटर लागतंच असं नाही, स्वस्त हलकं जेटही चालतं. पण जेट कुठलं घ्यायचं यावर भांडण्याआधी काम काय आहे ते बघा, कारण गडबड तिथेच होते. एखादं विमान रेडिओला उत्तर देत नाहीये, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) बंद आहे किंवा परवानगी नसताना हद्दीत शिरलंय, मग दोन जेट वर जातात, त्याच्या शेजारी येतात, शेपटीवरचा नंबर वाचतात, कॉकपिटमध्ये डोकावतात आणि एकतर त्याला उतरवतात नाहीतर हद्दीबाहेर सोडून येतात. झालं. मिसाईल सोडायची वेळ जवळपास येतच नाही.

14 ऑगस्ट 2005 ला हेलिऑस एअरवेजचं बोइंग 737 ग्रीसच्या आकाशात गप्प झालं, तेव्हा दोन एफ-16 फायटर गेले. 34 हजार फुटांवर शेजारी येऊन पाहिलं तर कॅप्टनची सीट रिकामी, को-पायलट पुढे कलंडलेला, आत ऑक्सिजन मास्क लोंबतायत. केबिनमधला दाब गेला होता, विमानातली 121 माणसं वाचली नाहीत आणि एफ-16 वाल्यांच्या हातात काही नव्हतं, पण आत काय झालंय हे जमिनीवर कळलं ते त्यांच्यामुळेच. आता यात स्टेल्थचा काय संबंध? लागला तो वेग, उंची आणि माणसाचे डोळे.

म्हणून पहिली पायरी पैशाची नाही, तासांची. दोन जेट चोवीस तास हवेत ठेवायची म्हटली तर वर्षाला 17,520 फ्लाइंग तास होतात. एफ-16 ची बॉडी मुळात 8,000 तासांच्या हिशोबाने बनवलेली, म्हणजे नुसत्या घिरट्यांमध्ये तुम्ही दरवर्षी दोन विमानांचं आयुष्य संपवताय, आणि एफ-35 असेल तर प्रत्येक तासाला 30 हजार डॉलरच्या वर खर्च. त्यामुळे सतत हवेत राहायचा हट्ट सोडा, जेट जमिनीवर अलर्टला ठेवा आणि गरज पडली की उडवा. हवेतली गस्त फक्त मोठी परिषद, युद्धाचा ताण अशा ठराविक दिवसांसाठी ठेवा. खरं सांगायचं तर पैसा वाचतो तो आधी इथे, स्वस्त जेटची बचत त्याच्या नंतर येते.

आता जेट निवडताना सगळ्यात आधी टॉप स्पीड बघा, किंमत नंतर. प्रवासी जेट वर साधारण 850 किमी वेगाने जातं, म्हणजे मिनिटाला 14 किमी. तुमचा अलर्ट 15 मिनिटांचा असेल, म्हणजे आदेशापासून उड्डाणापर्यंत 15 मिनिटं लागत असतील, तर तुमची चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत ते 210 किमी पुढे गेलेलं असतं. समजा तुम्ही त्याच्या 50 किमी मागे राहिलात आणि तुमचं सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाचं, जेट त्याच्यापेक्षा 100 किमीने जास्त पळतं, तर गाठायला अर्धा तास जातो, तोवर पुढचं शहर येऊन गेलेलं असतं. तेच माक 1.3 ने, म्हणजे आवाजाच्या 1.3 पट वेगाने, जाणारं जेट सहा मिनिटांच्या आत गाठतं. जुनं एल-39 ट्रेनर, म्हणजे पायलट शिकवायचं जेट, तर साधारण 750 किमीच्या आसपास थकतं, म्हणजे प्रवासी विमान त्याला मागे टाकून निघून जाईल! टेक्स्ट्रॉनच्या स्कॉर्पियनचंही तसंच, 2013 ला पहिलं उड्डाण, 2 कोटी डॉलरच्या आत किंमत, तासाला 3 हजार डॉलर खर्च अशी जोरदार जाहिरात, पण टॉप स्पीड साधारण 830 किमी, आणि शेवटी एकाही हवाई दलाने ते घेतलं नाही. म्हणून माझं मत, पैसे जमत असतील तर एफए-50 सारखं सुपरसॉनिक हलकं जेट घ्या, माक 1.5 पर्यंत जातं, इंजिन एफ404 म्हणजे जगभर वापरात असलेलं, त्यामुळे सुट्या भागांची रड कमी. फिलिपिन्सने 2005 ला एफ-5 निवृत्त केली आणि मग दहा वर्षं त्यांच्याकडे एकही फायटर जेट नव्हतं, 2015 पासून 12 एफए-50 आली तेव्हा कुठे काम परत सुरू झालं.

सबसॉनिकच परवडत असेल तर हरकत नाही, पण मग मागून पाठलाग करायचा विचारच सोडा आणि समोरून किंवा बाजूने आडवं जायचं प्लॅनिंग करा. त्यासाठी जमिनीवरचं रडार आणि त्यावर बसलेला कंट्रोलर पक्का पाहिजे, तो जितक्या लवकर बघेल तितकं स्वस्त जेट तुम्हाला चालून जाईल. ऑस्ट्रियाने साब 105 सारखं साधं सबसॉनिक जेट 2020 पर्यंत पहाऱ्याला वापरलं, सोबत युरोफायटर होतेच. ब्रिटिशांनी शीतयुद्धात हॉक ट्रेनरला दोन साईडवाइंडर मिसाईल लावले होते, हॉकमध्ये रडार नव्हतं म्हणून रडारवाल्या फँटम किंवा टॉर्नेडोच्या सोबत जायचे, तो शोधायचा आणि हे जाऊन भिडायचे. आज हेच काम डेटालिंकवर (रडारवरची माहिती थेट जेटमध्ये पाठवणारी जोडणी) होतं, तेव्हा जेटमध्ये डेटालिंक नसेल तर पहिला खर्च त्यावर करा.

बाकी सामानात रेडिओवर 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी कायम चालू, इंधनाच्या दोन जास्तीच्या टाक्या, एक गन, दोन कमी पल्ल्याची मिसाईल एवढं पुरे. रात्रीचं मात्र लोक विसरतात. अंधारात शेपटीवरचा नंबर कसा वाचणार? कॅनडाच्या सीएफ-18 ला याचसाठी नाकाच्या डाव्या अंगाला सर्चलाईट असतो. ट्रेनरवर तो नसतो, बसवून घ्या, नाहीतर कॅमेरा पॉड टांगा. फक्त एक सांभाळा, हे पण लावू ते पण लावू करत शेवटी बिल मोठ्या फायटरइतकं होतं आणि जेट मात्र छोटंच राहतं.

शेजारी जायची पद्धत जगभर ठरलेली आहे आणि पायलटकडून ती घोटून घ्या. डाव्या बाजूने, थोडं वर आणि थोडं पुढे, म्हणजे समोरच्या कॅप्टनला तुम्ही त्याच्या खिडकीतून दिसता. पंख हलवायचे, म्हणजे माझ्या मागे ये. त्याने पंख हलवले म्हणजे कळलं. सोडून द्यायचं असेल तर त्याची वाट न कापता झटकन वर वळून निघून जायचं. विमानतळावर घिरट्या घालत चाकं खाली काढली तर इथे उतर. सबसॉनिक ट्रेनर इथे उलट बरा पडतो, कमी वेगात शेजारी टिकून राहतो. मात्र 200 किमीने चाललेलं छोटं सेस्ना असेल तर कुठलंही जेट शेजारी टिकत नाही, गोल फिरत बसावं लागतं, तिथे टर्बोप्रॉप (पंख्यावर चालणारं विमान) किंवा हेलिकॉप्टर पाठवा. ब्राझील ड्रग्ज नेणाऱ्या छोट्या विमानांमागे सुपर टुकानो लावतो ते उगाच नाही.

गोळीबाराची परवानगी कोण देणार हे आधी लेखी ठरवा, पायलटवर सोडू नका. 1 सप्टेंबर 1983 ला सोव्हिएत फायटरने कोरियन एअरलाइन्सचं 007 पाडलं, 269 माणसं गेली, आणि त्यानंतर 1984 ला शिकागो करारात (नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) कलम 3 बिस आलं, उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरणं टाळायचं म्हणून.

माणसांचा हिशोब सगळ्यात शेवटी होतो आणि खरी बोंब तिथेच होते. 17 फेब्रुवारी 2014 ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान त्याच्याच को-पायलटने जिनिव्हाला पळवलं, तेव्हा स्वित्झर्लंडकडे चांगली एफ-18 होती, पण हवाई दल ऑफिसच्या वेळेत चालायचं, त्यामुळे पहाटे सोबत करायला इटली आणि फ्रान्सची जेट आली. चोवीस तासांचा पहारा त्यांना जमला तो 2020 च्या शेवटी, कारण पायलट, मेकॅनिक, कंट्रोलर सगळ्यांच्याच शिफ्ट वाढवाव्या लागल्या. दोन जेट कायम तयार ठेवायची तर माझ्या अंदाजाने सहा ते आठ हाताशी पाहिजेत, एक दोन दुरुस्तीला, एक दोन ट्रेनिंगला जातातच. ट्रेनर घराण्यातलं जेट असेल तर तेच पायलट त्याच जेटवर सरावाचे तास भरतात, हा फायदा किमतीच्या कागदावर दिसत नाही.

आणि मोठी फायटर विकून टाकू नका. समोरून बॉम्बर येतोय, त्याच्यासोबत एस्कॉर्टची फायटर आहेत किंवा लांबच्या मिसाईलचा पल्ला सुरू होतोय असं कंट्रोलरला दिसलं की छोटी जेट मागे घ्यायची आणि मोठी पाठवायची. ही अदलाबदल कुठल्या रेषेवर, कोणाच्या शब्दावर आणि किती मिनिटांत होणार ते नकाशावर आखून ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी, शक्यतो रात्री, करून बघा.