पायथनमध्ये मराठी शब्द ओळखण्याचा खेळ लिहिताना

या खेळात खेळाडू एकेक अक्षर सुचवून गुप्त शब्द ओळखतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत गुप्त शब्दाच्या अक्षरांइतक्या रेघा दाखवण्यासाठी लांबी मोजणारे ‘लेन’ (len) वापरले, की ‘पुस्तक’ या शब्दाची लांबी 3 नव्हे, तर 6 येते. कारण पायथन प, उकार, स, हलन्त, त आणि क अशी सहा युनिकोड चिन्हे (संगणकावर लिपी साठवण्याच्या प्रमाण पद्धतीतील सुटी चिन्हे) मोजतो. म्हणून आधी शब्दाची अक्षरे जुळवून घ्यावीत. एक रिकामी लिस्ट (घटकांची बदलता येणारी यादी) घ्यावी आणि शब्दातील चिन्हे क्रमाने वाचावीत. चिन्ह मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल, अथवा आधीचा गट हलन्ताने संपत असेल, तर ते त्याच गटाला जोडावे, अन्यथा नवा गट सुरू करावा. आता पु, स्त, क असे तीन गट मिळतात. मला हा या खेळातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो.

रेघाही लिस्टमध्येच ठेवाव्यात, कारण पायथनमधील स्ट्रिंग, म्हणजे चिन्हांची सलग माळ, जागच्या जागी बदलता येत नाही. दाखवताना त्या ‘जॉईन’ने (join) जोडाव्यात. खेळाडूने टंकलेल्या अक्षराभोवतीची मोकळी जागा ‘स्ट्रिप’ने (strip) काढून ते प्रत्येक गटाशी ताडून पाहावे आणि जुळेल तेथे रेघेच्या जागी ठेवावे. येथे जागा शोधणाऱ्या ‘फाइंड’वर (find) विसंबू नये, ‘कटकट’मध्ये ते पहिल्याच ‘क’पाशी थांबते आणि दुसरा झाकलेलाच राहतो.